पूजा करा, पण वायर लावू नका

मँचेस्टर,
रविवार, २८ सप्टेंबर

तीर्थरूप अण्णा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

काल धाकट्याचा फोन आला. खंडेनवमीला तुमचा जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर माळ्यावरून खाली काढायचा, पुसायचा, हार घालायचा आणि चालू होतो का बघायचं, असं त्यानं ठरवलंय म्हणे. मी त्याला तिथल्या तिथं सांगितलं, पूजा कर, हळदकुंकू वाहा, पण वायर लावू नको. त्याला ते जरा लागलं असावं. "एक मिनिट लावून बघायला काय जातंय?" म्हणाला. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. ते पोचेपर्यंत दसरा होऊन जाईल, पण दिवाळीच्या आवराआवरीआधी मिळावं. आईलाही वाचून दाखवा, म्हणजे ती यातलं काही भंगारवाल्याच्या काट्यावर चढू देणार नाही.

अण्णा, सांगतोय ते वाचून नाही, हात पोळून सांगतोय. मागच्या हिवाळ्यात इथं एक म्हातारा गेला, त्याच्या घरातलं सामान काढताना मला आपल्यासारखाच एक्सटी, म्हणजे त्या जुन्या पिढीचा कॉम्प्युटर मिळाला. अगदी आपल्याचा सख्खा भाऊ: ८०८८ प्रोसेसर, ४.७७ मेगाहर्ट्झ, ६४० केबी मेमरी, पुढं सव्वापाच इंची फ्लॉपीचे दोन खण, पिवळ्या अक्षरांचा मॉनिटर. सोबत एप्सनचा एलएक्स-८०० प्रिंटर, तुमच्या टेबलावर होता तोच. घरी आणला आणि त्याच रात्री लावला. मेमरीचे आकडे मोजायला लागला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सातव्या-आठव्या मिनिटाला मागून फट्ट आवाज झाला आणि दाट पांढरा धूर सुटला. पोरीला उचलून बाहेर पळालो. तो करपट वास पुढं चार दिवस पडद्यांतून गेला नाही.

झालं होतं ते असं. कॉम्प्युटरच्या डब्यातल्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या भागात, लाइट आत येते तिथंच एक चौकोनी कपॅसिटर असतो, पिवळट पारदर्शक कवचाचा, आत धातूचा मुलामा दिलेला कागद गुंडाळलेला. वर्षं जातात तशा त्या कवचाला बारीक चिरा पडतात, चैत्रात काळ्या रानाला पडतात तशा. त्या चिरांतून हवेतली ओल कागदात मुरते. बंद असताना कुणाला काही कळत नाही. २३० व्होल्ट मिळाले की तो तापतो, फुगतो आणि फुटतो. मदरबोर्डावर तुरीच्या दाण्याएवढे, थेंबाच्या आकाराचे दुसरे कपॅसिटर असतात, त्यांचंही तसंच. इतकी वर्षं निपचित पडलेले असतात आणि वीज येताच आतून शॉर्ट होऊन जळतात. माझं नशीब की त्या रात्री एकच गेला. इथली वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, त्यामुळं इथं जे झालं ते औशात होणार नाही असं समजू नका. उलट आपला डबा पत्र्याखाली २७ उन्हाळे भाजून निघालाय आणि शेजारच्या डाळमिलीचा भुसा त्याच्या पोटात बसलाय.

एक काम मात्र मी येळवसीला, म्हणजे वेळ अमावास्येला, येईपर्यंत थांबायचं नाही. धाकट्याला म्हणावं, डब्याचे मागचे स्क्रू काढ, झाकण सरकव आणि आतल्या कार्डांकडं टॉर्च मारून बघ. घड्याळ चालवणाऱ्या कार्डावर बोटाच्या पेराएवढी, पिंपासारखी निळी बॅटरी दिसेल, ३.६ व्होल्टची. ती फुटून तिच्या भोवती हिरवी-निळी बुरशी आल्यासारखं दिसलं तर तो क्षार आहे. तांब्याच्या रेघा तो वाळवीसारखा खातो आणि मशीन बंद असलं तरी खातच राहतो. छोट्या कटरनं बॅटरीचे दोन्ही पाय कापायचे आणि ती काढून टाकायची, शाबूत दिसली तरी. मग कार्ड खाचेतून सरळ वर ओढून बाहेर घ्यायचं आणि जुन्या टूथब्रशनं त्या जागी लिंबाचा रस लावायचा. क्षाराला आंबट उतारा असतो. फेस यायचा थांबला की स्वच्छ पाण्यानं पुसायचं, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावायचं आणि दोन दिवस सावलीत वाळवायचं. उन्हात नको. मॉनिटरचं झाकण मात्र त्यानं अजिबात उघडू नये. पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहतात, वायर काढलेली असली तरी.

बाकीचं मी आल्यावर करू. एसएमपीएस बाहेर काढून तो कपॅसिटर आधीच बदलायचा, नवा प्लास्टिक फिल्मचा मी आणतोय. मग एकदम लाइट द्यायची नाही. बसस्टँडजवळच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं सिरीज बल्बचा बोर्ड असेल, तो दोन दिवस मागून ठेवा. १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब मध्ये असला की आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि मशीन वाचतं. एसएमपीएस रिकामाही चालवायचा नाही, त्याला काहीतरी ओझं लागतं, मोटारसायकलचा बल्बसुद्धा चालतो. आणि मदरबोर्डाला जाणाऱ्या दोन पिना जोडताना काळ्या तारा मधोमध शेजारी शेजारी आल्या पाहिजेत. हे मुद्दाम लिहितोय, कारण मी नसताना कुणाला मोह झालाच तर निदान एवढं तरी कानावर असावं. उलटं लागलं की मदरबोर्ड गेला.

प्रिंटरनं मला दोन महिने घेतले. हेड ज्या दांड्यावरून सरकतं त्यावरचं ग्रीस गुळाच्या पाकासारखं घट्ट झालं होतं. अल्कोहोलनं सगळं पुसून काढलं आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब दिले तेव्हा ते हातानं सरकायला लागलं. हेडच्या नऊ सुयांपैकी चार वाळलेल्या शाईनं बसल्या होत्या. त्या कशा सुटल्या सांगू? बशीत पातळ फडकं पसरलं, त्यावर अल्कोहोल ओतलं आणि हेड त्यावर तोंड खाली करून रात्रभर ठेवलं. सकाळी फडक्यावर नऊ काळे ठिपके, एकाखाली एक. ते फडकं मी टाकलं नाही. रिबीनवर धाकटा शिक्क्याची शाई घालू म्हणेल, त्याला घालू देऊ नका. रिबीनच्या शाईत तेल असतं, त्या तेलावर सुया चालतात. शिक्क्याची पाण्याची शाई सुया गंजवते. नवी रिबीन मी घेऊन येतो.

कॉम्प्युटर न जोडताही प्रिंटर तपासता येतो, हे तुम्हाला आठवत असेल. लाइन फीडचं बटण दाबून धरायचं आणि स्विच लावायचा. त्या दिवशी तसं केलं आणि किर्र, किर्र करत पहिली ओळ उमटली. पोरगी कानावर हात ठेवून हसायला लागली. मला आपली इन्स्टिट्यूट दिसायला लागली, भिंतीकडची टाइपरायटरची रांग, कोपऱ्यात पडदा लावलेला कॉम्प्युटर आणि चपला बाहेर काढून आत येणारी माणसं.

पोरीनं विचारलं, आजोबांचा कॉम्प्युटर एवढा जुना आहे तर नवा का नाही घेत? मग तिला सांगायला बसलो. १९९३ सालची अनंत चतुर्दशी सांगितली. रात्री गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. ५२ गावं जमिनीला मिळाली हे सांगताना तिला माळवद म्हणजे काय तेच कळेना. कागदावर चित्र काढून दाखवलं, दोन-अडीच फूट जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकूड आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात गार आणि त्या पहाटे सगळं अंगावर. तिनं विचारलं, मग आजोबांनी काय केलं? मी म्हणालो, आजोबांनी नावं टाइप केली.

अण्णा, तुम्ही याबद्दल कधी बोलत नाही. मी नववीत होतो, मला सगळं आठवतंय. जनरेटर भाड्यानं आणला होता. माणसं अर्ज टाइप करायला यायची, कुणाकडं रेशन कार्ड नाही, कुणाकडं सातबारा नाही. तुम्ही विचारायचात, घरात कोण कोण होतं, कोण राहिलं, जनावरं किती. अर्ज लिहून झाला की तीच नावं गावाच्या यादीत वेगळी घालून ठेवायचात. पैसे घेतले नाहीत. छापलेल्या कागदाच्या दोन्ही कडांच्या भोकाच्या पट्ट्या फाडायचं काम माझ्याकडं होतं. एक आजी रोज यायची. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद हातात घेऊन ओळीवरून बोट फिरवायची आणि तुम्ही नाव वाचलंत की मान हलवायची. मग दुसरं नाव. पट्ट्यांचं भेंडोळं माझ्या पायाशी गुडघ्याएवढं व्हायचं.

त्या याद्यांच्या फ्लॉप्या राहिल्या पाहिजेत. मशीनचं काही का होईना.

आणि त्या वाचता येतील असं मला खरंच वाटतंय. तुम्ही त्या वेळी कॉम्प्युटरवर मराठी उमटावं म्हणून पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवून घेतलं होतं आणि रेमिंग्टन टाइपरायटरवर मुरलेला हात मोडून इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकलात, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. आई म्हणायची, "आता ह्या वयात नवं कशाला शिकायलात?" त्या शिकण्याचा उपयोग आज होतोय. त्या काळातल्या पुष्कळ मराठी फाइली आता उघडतच नाहीत, कारण त्यांत अक्षराचा नुसता आकार साठवलाय आणि तो फाँट गेला की सगळा कचरा दिसतो. तुमच्या फाइलींत अक्षर इस्की या भारतीय लिप्यांच्या ठरलेल्या संकेताच्या क्रमानं आहे, क म्हणजे क आणि ख म्हणजे ख. पुढं युनिकोडमधली, म्हणजे आज सगळीकडं चालणाऱ्या संकेतातली, देवनागरी त्याच इस्कीवर बेतली गेली. त्यामुळं तुमची यादी आजच्या मोबाइलवर उतरवणं म्हणजे एका वहीतून दुसऱ्या वहीत लिहिण्याएवढं सरळ काम आहे. आधी फ्लॉपी वाचली गेली पाहिजे.

त्यासाठी मी ग्रीसवीझल नावाचं एक छोटं बोर्ड घेतलंय. ते फ्लॉपी ड्राइव्हला जोडतात आणि यूएसबीनं लॅपटॉपला. फाइल मागण्याऐवजी तबकडीवरचा चुंबकाचा प्रत्येक बदल ते जसाच्या तसा उतरवून घेतं, एकच फेरा अनेकदा वाचतं. एका फ्लॉपीवर ३६० केबी, म्हणजे दोन बाजू, प्रत्येकी ४० फेरे आणि फेऱ्याला ९ सेक्टर. एखादा सेक्टर पाच वेळा चुकला आणि सहाव्यांदा बरोबर आला असं इथं अनेकदा पाहिलं. इथल्या म्हाताऱ्याची एक फ्लॉपी बुरशीनं पांढरी पडली होती. तिचं कव्हर कापून आतली तबकडी काढली, कोमट साबणाच्या पाण्यात बोटांनी हलकेच धुतली, वाळवली आणि दुसऱ्या स्वच्छ कव्हरात घालून वाचली. त्याच्या बागेतल्या गुलाबांची यादी निघाली, कोणता कधी लावला त्याची. ती त्याच्या मुलीला छापून दिली.

म्हणून तोवर एवढंच करा. फ्लॉप्या पत्र्याखालून काढून मधल्या खोलीत, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवा, उभ्या. मधल्या लांबट खिडकीतून जी तपकिरी तबकडी दिसते तिला बोट लावायचं नाही, फुंकरही मारायची नाही. बाजूच्या चौकोनी खाचेवर कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे चुकूनही त्यावर काही लिहिलं जाणार नाही. स्पीकरजवळ नकोत.

आणखी एक, अण्णा. नावं निघाली तरी ती मी कुणाला पाठवणार नाही, कुठं टाकणार नाही. आधी तुम्ही बघायची. ती माणसं तुमच्यासमोर बसून बोलली होती, तेव्हा त्या याद्यांचं काय करायचं ते तुम्हीच सांगायचं.

मी १५ डिसेंबरला निघतोय, येळवसीला शेतात असेन. आईला म्हणावं भज्जी आणि आंबील माझ्या वाटणीचं जास्त कर, पोरीला पहिल्यांदाच रानात नेणार आहे. आईची गुडघ्याची गोळी चुकवू देऊ नका.

धाकट्यानं फ्लॉप्यांच्या डब्याचा फोटो पाठवलाय. त्यात १४ फ्लॉप्या मोजल्या मी. किल्लारी, सास्तूर, होळी, सगळ्यांवर तुमचं अक्षर आहे, निळ्या शाईचं. एकीवर मात्र पेन्सिलनं लिहिलंय, "तळणी, अपुरी". अपुरी का राहिली होती, अण्णा?

तुमचा,
थोरला