रॉजर्स पार्कच्या काकूंना
प्रिय काकू,
शि. सा. न. वि. वि.

शिकागोत शिकायला येणाऱ्या आमच्यासारख्या मुलामुलींपैकी बरेच जण तुमच्या भरल्या वांग्यांबद्दल लिहितील. लिहावंच. मला त्या थर्मामीटरबद्दल लिहायचंय.

जानेवारीत आमच्या जुन्या बिल्डिंगमधला रेडिएटर नुसता ठणठण वाजायचा, तापायचा म्हणून नाही. आम्ही तिघी स्वेटरवर जाकीट चढवून असाइनमेंट टाइप करायचो. घरमालक “उद्या माणूस पाठवतो” म्हणायचा, आणि तो उद्या काही उजाडत नव्हता. आम्हाला भलतीच धास्ती. तक्रार केली आणि व्हिसावर काही आलं तर? डिपॉझिट बुडालं तर?

तुम्ही डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानांतून मेथी घेऊन आलात, अंगातला कोट न काढताच घरभर फिरलात आणि विचारलंत, “किती डिग्री आहे गं इथे?” आम्ही एकमेकींची तोंडं बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी भिंतीवर थर्मामीटर, शेजारी वही आणि दोऱ्याला बांधलेलं पेन. सकाळ-रात्र आकडा लिहायचा, फोटो काढायचा. १५ सप्टेंबर ते १ जून या काळात घरमालकाने दिवसा निदान ६८ फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सिअस, आणि रात्री ६६ राखलंच पाहिजे, हे तुमच्याकडून कळलं. आमची वही पंचावन्नच्या वर जातच नव्हती.

मग समोर बसून मला ३११ला, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या नंबरला, फोन करायला लावलात. स्वतः बोलला नाहीत. मी अडखळले तेव्हा फक्त वही पुढे सरकवलीत. तक्रारीचा नंबर, तारीख, वेळ, सगळं टिपून घ्यायला लावलंत. व्हिसाचा याच्याशी काडीचा संबंध नाही, आणि तक्रार केली म्हणून भाडेकरूवर डूख धरता येत नाही, शहराचा तसा कायदाच आहे १९८६ पासून, हेही ठणकावून सांगितलंत. ओरिएंटेशनमध्ये विद्यार्थी व्हिसासाठीचा आय-ट्वेंटी फॉर्म, परदेशी विद्यार्थ्यांची सेव्हिस ही सरकारी नोंद, कॅम्पसवर आठवड्याला वीसच तास काम, सगळं घोकून घेतलं होतं. हे कुणी सांगितलं नव्हतं.

इन्स्पेक्टर येऊन गेला, बॉयलर दुरुस्त झाला. घरमालक आता जिन्यात भेटला की जरा जास्तच गोड बोलतो. खालच्या मजल्यावर यंदा लातूरच्या दोघी आल्यात, थर्मामीटर त्यांच्याकडे दिलाय.

मेमध्ये पदवीदान आहे, तुम्ही यायचंच. आई येतेय, तिला तुम्हाला भेटायचंय. तिने आत्तापासून गोडा मसाला करायला घेतलाय. तुमच्यासाठी काढलेला डबा बघून बाबा विचारतायत, बाकीचं सामान कुठे ठेवायचं?

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची