सीआरपीच्या एका आकड्यावर आशा सोडू नका

संपादक महोदय,

हिंगोली, परभणी, बीडहून दम लागलेला रुग्ण नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला हलवला, की नातेवाईक रिपोर्टांची फाईल पुढे करून विचारतात : सीआरपी एवढा वाढलाय, माणूस वाचेल का? नुसत्या त्या आकड्यावरून याचे उत्तर कुणी देऊ नये.

सीआरपी हा शरीरातला दाह दाखवणारा रक्तातला प्रथिन-घटक. तो यकृतात तयार होतो. दाह सुरू झाल्यावर त्याला शिखर गाठायला साधारण दोन दिवस लागतात. दाह थांबला की सुमारे १९ तासांत तो निम्मा होतो. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या आकड्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो उतरतोय का, हे जास्त कळीचे. तिथेही फसगत होते. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने सीआरपी उतरतो, फुप्फुस सुधारलेले असेलच असे नाही. त्याच औषधाने न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात (दोन्ही पांढऱ्या रक्तपेशी), म्हणून आजार न बिघडताही त्यांचे गुणोत्तर चढते. दाह भडकवणाऱ्या आयएल-६ या रेणूचे काम रोखणारे टोसिलिझुमॅब दिल्यावर सीआरपी कोसळतो, रक्तातला आयएल-६ मात्र उलट वाढलेला दिसतो. यकृत निकामी असेल तर जंतुसंसर्ग जोरात असूनही सीआरपी कमी राहू शकतो. मूत्रपिंड बिघडले असेल तर जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी तपासले जाणारे प्रोकॅल्सिटोनिन संसर्गाशिवायही वाढलेले असू शकते.

सर्वांत घातक चूक एककाची. तालुक्याच्या लॅबचा १५० हा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये आणि शहरातला १८ हा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये (लिटरचा दहावा भाग) असेल, तर सीआरपी उतरलेला नाही. तो १८० झाला आहे.

फुप्फुसाची अवस्था ठरते ती धमनीतल्या रक्तातील ऑक्सिजनच्या दाबावरून. त्या दाबाला रुग्णाला दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागायचे. ६० टक्के ऑक्सिजनवर दाब ६० असेल तर ६० भागिले ०.६ म्हणजे १००. व्हेंटिलेटरवर किमान ५ पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) असताना असा आकडा आला, तर एआरडीएस, म्हणजे दाहाने फुप्फुस अचानक निकामी होण्याचा आजार, तीव्र गटात मोडतो. या आजाराची २०१२ची बर्लिन व्याख्या ज्या रुग्णांवर पडताळली, त्यांतले तीव्र गटातील ४५ टक्के दगावले. म्हणजे निम्म्याहून अधिक वाचले. अशा रुग्णाला उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे व्हेंटिलेटरने दर वेळी सुमारे ६ मिलि श्वास देणे आणि दिवसाला किमान १६ तास पालथे झोपवणे यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. रोज आयएल-६ तपासून हे काम होत नाही, नातेवाइकांचा खिसा मात्र रिकामा होतो.

पाठवणाऱ्या डॉक्टरांना कळकळीची विनंती : चिठ्ठीवर सीआरपीचे एकक, नमुना घेतल्याची वेळ, स्टिरॉइडच्या पहिल्या डोसची वेळ, क्रिएटिनिन, प्लेटलेट, किती ऑक्सिजनवर किती सॅच्युरेशन हे जरूर लिहा. शक्य असेल तर पुढचे नमुने एकाच लॅबमध्ये तपासा.

— अतिदक्षता विभागातील डॉक्टर, नांदेड