टीपीआर चार्टवर चालण्याचा रकाना हवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घरातल्या ज्येष्ठांना पडण्यापासून कसे जपावे, यावर आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. ओली फरशी, सरकणारी पायपुसणी, न्हाणीघरातला दांडा, रात्रीचा दिवा, सगळे नीट सांगितले आहे. पण 'शक्यतो त्यांना उठू देऊ नका, लागेल ते हातात आणून द्या' या सल्ल्यापाशी मी अडले. सरकारी रुग्णालयाच्या मेडिकल वॉर्डातून परिसेविका म्हणून निवृत्त झालेली बाई मी. हातात आणून दिल्याने खाटेला लागलेली म्हातारी माणसे माझ्या वॉर्डात कायम असत, म्हणून हे लिहिते आहे.

न्यूमोनियाने दाखल होणारे सत्तरीपुढचे एखादे आप्पा डोळ्यांसमोर आणा. धापा टाकत का होईना, एसटी स्टँडवरून ते स्वतःच्या पायांनी आलेले असतात. दाखल झाले की हाताला सलाईन, नाकाला ऑक्सिजन. चपला वॉर्डाबाहेर आणि काठी खाटेखाली ढकललेली. लघवीला उठू लागले की मुलगा म्हणतो, "आप्पा, पडून राहा, पॉट देतो." रात्री झोपमोड नको म्हणून डायपर. ज्या माणसाला लघवीची चांगली कळ येते त्याला डायपर बांधणे ही सोय कुणाची, हे सांगायला नको. पाचव्या-सहाव्या दिवशी ताप उतरतो, छाती मोकळी होते, राऊंडला डॉक्टर 'डिस्चार्ज' लिहितात, आणि उठवायला जावे तर आप्पांचे गुडघे लटपटतात. मग स्ट्रेचर मागवायचे. गावी गेल्यावर सगळ्यांना सांगितले जाते, 'दुखण्याने पाय गेले.'

दुखण्याने थोडे गेले असतील. बाकीचे झोपून राहण्याने गेले, आणि हे आता मोजलेले आहे. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सत्तरीच्या पुढच्या दाखल रुग्णांपैकी सुमारे ३५ टक्के लोक आंघोळ, कपडे, जेवण, उठणे, संडास अशा रोजच्या कामांत आजारापूर्वीपेक्षा अधिक परावलंबी होऊन घरी गेलेले आढळले. २००९ साली तिथल्याच ४५ माजी सैनिकांच्या मांडीला आणि घोट्याला हालचाल टिपणारी छोटी यंत्रे बांधून पाहिले. दाखल होण्यापूर्वी हे सगळे चालते-फिरते होते. रुग्णालयातला ८३ टक्के वेळ त्यांनी आडवे पडून काढला होता, म्हणजे दिवसाचे जवळजवळ वीस तास. त्याआधी २००७ साली तर आजारी नसलेल्या, सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना मुद्दाम दहा दिवस झोपवून ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस उतरले. धडधाकट माणसांची ही गत, तर आमच्या आप्पांचे काय होणार?

यात परिचारिका कुठे असते? मिशिगन विद्यापीठातल्या बिअट्रिस कॅलिश यांनी २००६ साली वॉर्डातली नियमितपणे राहून जाणारी कामे शोधली. रुग्णाला चालवणे हे त्यांतले एक ठळक काम. मला त्याचे नवल वाटले नाही. इंजेक्शन राहिले तर चार्टवर रिकामी जागा दिसते, दुसऱ्या पाळीची सिस्टर विचारते. चालवायचे राहिले तर रिकामी राहायला जागाच नाही. ताप-नाडी-श्वासाच्या रोजच्या नोंदीचा तो टीपीआर चार्ट. त्यावर नाडी, ताप, श्वास, बीपी, प्यायले किती, लघवी किती, सगळ्याला रकाना आहे. चालण्याला नाही. पाळी संपल्यावर पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना 'सात नंबर आज दारापर्यंत गेले' असे कुणी सांगत नाही, आणि सांगितले तरी ऐकणारी म्हणते, "बरं, सलाईन किती राहिलंय?"

दुसरे कारण भीती. रुग्ण खाटेवरून पडला की चौकशी, लेखी खुलासा, नातेवाइकांचा आरडाओरडा. तोच रुग्ण खाटेवर पडून पडून पांगळा झाला तर साधा मेमोही नाही. हे फक्त आपल्याकडचे नव्हे. अमेरिकेच्या सरकारी मेडिकेअर विम्याने रुग्णालयात पडून झालेल्या इजेच्या उपचाराचा जादा खर्च देणे २००८ च्या ऑक्टोबरपासून बंद केले. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या परिचर्या संशोधक बार्बरा किंग यांनी परिचारिकांशी बोलून पाहिले, तेव्हा 'एकही रुग्ण पडता कामा नये' या दडपणापायी रुग्णांना उठूच न देण्याकडे त्यांचा कल झाल्याचे दिसले. मग याच बाईंनी वॉर्डासाठी पद्धत बसवली. परिचारिकांना उठवण्या-चालवण्याचे प्रशिक्षण, व्हरांड्याच्या भिंतीवर अंतराच्या खुणा, आणि कोण किती चालले याची नोंद. भिंतीवर खुणा करायला निधी लागत नाही. रंगाचा एक डबा पुरतो, आणि तो प्रत्येक रुग्णालयाच्या स्टोअरमध्ये वाळत पडलेला असतो.

बाल्टिमोरच्या मेरीलँड विद्यापीठातल्या बार्बरा रेझनिक यांचे काम मला त्याहून जवळचे वाटते. त्या स्वतः वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका. त्यांचे म्हणणे असे की व्यायामाचा तास वेगळा कशाला शोधता? तोंड धुणे, अंग पुसणे, सदऱ्याची बटणे लावणे, ताटापर्यंत चालत जाणे हाच व्यायाम आहे. तो रुग्णाच्या हातून काढून घेऊ नका. मेरीलँडमधल्या १२ शुश्रूषागृहांत ४८७ वृद्धांवर त्यांनी हे करून पाहिले (२००९). त्यांचा भर तिथल्या मावशी-मामांना शिकवण्यावर होता, कारण दिवसभर हात लागतो तो त्यांचा. चालण्यात आणि तोल सांभाळण्यात फरक पडला. तरणेबांड कुणी झाले नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती. 'मला जमेल' असे म्हाताऱ्याला वाटायला लावणे हा त्यांच्या पद्धतीचा गाभा आहे. आपण नेमके उलटे बोलतो, "तुम्हाला नाही जमणार, थांबा."

आता उठवायचे कसे, तेही सांगते, कारण पडण्याची निम्मी भीती चुकीच्या उठवण्यातून येते. आपल्याकडे दोघे जण दोन काखांत हात घालून ओढतात. खांदा दुखावतो, आणि म्हातारा माणूस मागे रेलतो. त्याऐवजी आधी त्याला कुशीवर वळवा, पाय खाटेवरून खाली सोडा आणि कोपरावर भार देऊन त्याचे त्यालाच बसू द्या. बसल्यावर दोन-तीन मिनिटे थांबा. डोळ्यांपुढे अंधारी येते का विचारा, बीपीचे मशीन असेल तर बघा. उभे राहिल्यावर वरचे बीपी २० ने किंवा त्याहून जास्त उतरले, तर पुन्हा बसवायचे आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचे. पाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत. सरकारी लोखंडी खाटा उंच असतात, तेव्हा पायाखाली रुंद, न हलणारा पाट ठेवा. नुसते मोजे नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल हवी. सलाईनचा स्टँड ज्या हाताला सुई आहे त्याच बाजूला. मग पावले थोडी मागे घ्यायला सांगा, दोन्ही हात खाटेच्या कडेवर, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतके पुढे वाकवा आणि म्हणा, "उठा." तुमचा हात कमरेशी, फक्त आधाराला. नऊवारीतल्या आजींचा काष्टा आधी नीट करून घ्या, पायात येतो. ताजे फ्रॅक्चर, छातीत दुखणे, जोराची धाप असेल तर अर्थातच डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

घरी परतल्यावरची अडचण निराळी. तिथे चौकशी शेजारचे करतात. आजींनी लसूण सोलला, वाती वळल्या तर कौतुक. पण त्या स्वतः उठून पाण्याचा तांब्या भरायला गेल्या की शेजारीण म्हणते, 'सून म्हातारीला कामाला लावते.' बिचारी सून मग चहा अंथरुणात देते, आंघोळ घालते, वेणीही घालते. गावभर तिचे नाव होते आणि वर्षभरात सासूबाई कूस बदलायलाही हाक मारू लागतात. सेवा करणाऱ्या सुनांना माझे सांगणे आहे की आंघोळीच्या वेळी जवळ उभ्या राहा, पाठ चोळा, पण तांब्या त्यांच्या हातात राहू द्या. वेळ दुप्पट लागेल आणि पाणी सांडेल.

मनुष्यबळ नाही, हे उत्तर मला ठाऊक आहे. मीही वर्षानुवर्षे तेच देत आले, आणि ते खोटे नाही. रिक्त पदे भरलीच पाहिजेत, त्याला पर्याय नाही. पण आपल्या वॉर्डात एक बळ फुकट बसलेले असते, खाटेशेजारी सतरंजी टाकून. परदेशात नातेवाइकांना शुश्रूषेत सामील करून घेण्यासाठी पेन स्टेट विद्यापीठाच्या मेरी बोल्ट्झ आणि वर सांगितलेल्या रेझनिक यांना खास कार्यक्रम आखावा लागला. आपल्याकडे मुलगा, सून, नातू रात्रंदिवस हजर असतात आणि आपण त्यांना काय सांगतो? औषधे आणा, रक्ताची चिठ्ठी न्या, गर्दी करू नका. उठवण्याची वरची रीत एकदा समोर करून दाखवली तर दिवसातून तीनदा ते चालवतील.

नर्सिंग महाविद्यालयांनाही एक सांगायचे आहे. एम.एस्सी.चे प्रबंध मी पाहिले आहेत. अमुक विषयाचे ज्ञान किती, मग तक्ते लावून शिकवण्याचा कार्यक्रम, मग पुन्हा तीच प्रश्नावली, आणि ज्ञान वाढले हा निष्कर्ष. शिकवल्यावर ज्ञान वाढणारच की! त्याऐवजी एखाद्या मुलीने आपल्या जिल्हा रुग्णालयातल्या सत्तरीपुढच्या रुग्णांचा बार्थेल गुणांक, म्हणजे रोजची कामे माणूस स्वतः किती करतो याचे गुण, दाखल होताना आणि घरी जाताना मोजावा. शंभरपैकी गुण असतात आणि १९६५ पासून ही पद्धत जगभर चालते. आपले आप्पा किती गुण घेऊन येतात आणि किती घालवून जातात, ते आपल्याच आकड्यांत कळेल.

शासनाने २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वेगळा वॉर्ड धरला आहे. सुरुवात तिथून करता येईल. केसपेपरवर 'आजारापूर्वी कसे चालत होते' ही एक ओळ आणि टीपीआर चार्टवर तीन पाळ्यांसाठी तीन चौकोन: बसवले, उभे केले, चालवले. आरोग्य खात्याच्या छापखान्याला यासाठी नवा कागदही लागणार नाही, चार्टच्या तळाशी दोन बोटे जागा नेहमीच कोरी असते.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, मिरज