तयार पोलीस पाहिजे

यॅकिमा खोरे, वॉशिंग्टन राज्य
5 ऑक्टोबर 2025

ती. अण्णा यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

शेजारच्या गावचा पोलीस जाहिरात वाचून आमच्या गावात नोकरीला येतोच कसा, ना बदलीचा हुकूम, ना एस.पी. साहेबांची सही, असं तुम्ही फोनवर विचारलंत. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून सविस्तर लिहिते. दादाला मेल करतेय, तो मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल.

पहिली गोष्ट म्हणजे इथे आपल्यासारखं राज्याचं एकच पोलीस खातं नाही. देशभरात 18,000च्या आसपास खाती आहेत. कुठे शहराचं, कुठे शेरीफचं, म्हणजे काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) पोलीसप्रमुखाचं, तर कुठे विद्यापीठाचं स्वतःचं. गावांची जी खाती आहेत त्यांतल्या जवळपास निम्म्यांत पूर्णवेळ पोलीस दहासुद्धा नाहीत. आमचं खातं त्यामानाने बरं म्हणायचं: चीफ, म्हणजे खात्याचे प्रमुख, धरून डझनभर मंजूर जागा. त्यातल्या काही कायम रिकाम्या. पगार गावाच्या तिजोरीतून, म्हणजे घरपट्टी आणि विक्रीकरातून. तेव्हा बदली हा प्रकारच नाही. माणसाला गाव बदलायचं तर त्याने तिकडे राजीनामा द्यायचा आणि इकडे नव्याने अर्ज करायचा. अशा माणसाला इथे 'लॅटरल' म्हणतात. तुमच्या आंतरजिल्हा बदलीसारखंच एक दुखणं त्यात आहे: ज्येष्ठता शून्यावर येते. पंधरा वर्षं नोकरी झालेला माणूस आमच्याकडे आला की ड्युटी निवडताना काल भरती झालेल्या पोराच्याही मागे उभा राहतो. पगाराची पायरी मात्र अनुभव धरून देतात, आणि रजाही.

यात माझा संबंध काय, तर गावाचं सिव्हिल सर्व्हिस कमिशन. राज्याचा कायदाच आहे की पोलीस भरती महापौराच्या मर्जीवर सोडायची नाही, तीन नागरिकांचं कमिशन पाहिजे. मुदत सहा वर्षं, मानधन काही नाही, आणि तिघांपैकी दोघांपेक्षा जास्त एकाच पक्षाचे नकोत. मला घेतलं त्यात माझ्या कर्तबगारीपेक्षा दुसरं कुणी तयार नव्हतं हे जास्त खरं. परीक्षेची यादी मंजूर करणं आमचं काम, आणि चीफ बोलावतात तेव्हा तोंडी मुलाखतीच्या मंडळावरही बसते. हवालदाराची पोरगी म्हणून मला यात जरा जास्तच रस, हे सुहासचं म्हणणं.

आता नवीन पोरं सोडून तयार पोलिसांमागे का लागायचं? वेळ. नवा उमेदवार घेतला तर त्याची लेखी, शारीरिक, चौकशी यांत महिने जातात. मग पोलीस ट्रेनिंगच्या अकादमीत जागा मिळेपर्यंत थांबा. राज्याची अकादमी सिॲटलजवळ ब्युरियनला, 720 तासांचा अभ्यासक्रम, म्हणजे साडेचार महिने. अलीकडे पास्कोलाही शाखा निघालीय, आम्हाला ती जवळ पडते. तिथून आला की काही महिने जुन्या पोलिसाच्या गाडीत बसून शिकायचं. एवढं सगळं होईपर्यंत गाव त्याला पगार देतं आणि तो एकट्याने एकही पाळी करत नाही. उलट याच राज्यातला अनुभवी माणूस आला तर अकादमी लागतच नाही. परराज्यातला असेल तर दोन आठवड्यांचा कोर्स, इथले कायदे समजून घ्यायला. डझनभर माणसांच्या खात्यात दोन जागा रिकाम्या म्हणजे उरलेल्यांची रात्रपाळी संपत नाही, आणि रात्रपाळी संपत नाही म्हणून तिसरा सोडून जातो. खंडाळ्याला ट्रेनिंग करून आलेल्या पोरांना ठाण्यात रुळायला किती दिवस जायचे ते तुम्हीच सांगायचात.

पण असा विचार करणारे आम्ही एकटे थोडेच! माणशी पोलीस मोजले तर हे राज्य गेली कित्येक वर्षं देशात तळाला आहे, त्यामुळे सगळेच एकमेकांच्या पोलिसांवर डोळा ठेवून. सिॲटलने 2022मध्ये दुसरीकडून येणाऱ्या अनुभवी पोलिसाला 30,000 डॉलर हातात देऊ केले. कॅलिफोर्नियातल्या अलामीडा गावाने 2023मध्ये थेट 75,000 डॉलर जाहीर केले. आपल्या हिशेबात साठ लाखांच्या वर, फक्त या म्हणून! आमच्या नगरपालिकेत हा आकडा वाचला गेला तेव्हा एक सभासद म्हणाले, एवढ्यात आपण रस्त्याचे खड्डे बुजवू. केंद्राचं अनुदान मिळतं, नाही असं नाही. 1994च्या कायद्याने निघालेली योजना आहे, तीन वर्षं सुरुवातीच्या पगाराचा 75 टक्क्यांपर्यंत भार उचलतात, एका पोलिसामागे जास्तीत जास्त 1,25,000 डॉलर. चौथ्या वर्षी मात्र गावाने बघायचं.

मग आमच्याकडे येणार तरी कोण, आणि का? पैशाने येणारा पैशानेच जातो हे आमच्या चीफचं ठाम मत, आणि मला ते पटतं. आम्ही देतो ते असं: ड्युटीची गाडी घरी न्यायची मुभा, बारा तासांच्या पाळ्या पण त्यामुळे एक आड एक शनिवार-रविवार सुट्टी, स्पॅनिश येत असेल तर वेगळा भत्ता (इथे शेतावर आणि सफरचंदांच्या पॅकिंगमध्ये काम करणारी बहुतेक माणसं मूळची मेक्सिकोची), आणि सिॲटलकडच्या मानाने खूप स्वस्त घर. पेन्शनचाही अडसर नाही, कारण पेन्शन गावाची नाही, राज्याची. नोकरीच्या दर वर्षाला पगाराचे दोन टक्के, आणि 53व्या वर्षी पूर्ण मिळते. याच राज्यातल्या गावांत माणूस कितीही फिरला तरी वर्षं धरली जातात. ज्येष्ठता जाते पण पेन्शन जात नाही, म्हणून तर लोक हलतात.

मागच्या महिन्यात समुद्राकडच्या एका मोठ्या शहरातून एक उमेदवार आला होता. नाव लिहीत नाही, ते गुप्त असतं. चाळिशीच्या आतला, मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा उमटलेला, बोलणं हळू. चीफ प्रत्येकाला एक ठरलेला प्रश्न विचारतात: रात्री दोन वाजता हॉप्सच्या शेतातल्या घरातून भांडणाचा फोन आलाय, तू एकटा आहेस, शेरीफचा माणूस वीस मिनिटांवर आहे, काय करशील? मोठ्या शहरातला पोलीस इथेच अडकतो. तिथे माइकवर बोललं की दोन मिनिटांत चार गाड्या येतात. मागे एकदा एक जण छाती पुढे काढून म्हणाला होता, दार तोडून आत जाईन. हा म्हणाला, "आतून कुणी ओरडत असेल तर जावंच लागेल. नसेल तर गाडी लांब उभी करीन, अंधारात ऐकत थांबेन, आणि त्या घराचा फोन लावून बोलत राहीन." मल्हारपेठच्या दूरक्षेत्रात तुम्ही आणि शिंदेकाका दोघंच असायचात, त्याची आठवण झाली. तुम्ही काय केलं असतं ते कळवा. चीफना सांगेन, त्यांना अशा गोष्टी आवडतात.

मुलाखतीनंतर त्याच्या बायकोने मला पार्किंगमध्ये गाठलं आणि शाळेबद्दल बारीकसारीक विचारलं. मुलाला श्रवणयंत्र आहे, शाळेत त्याची सोय कोण बघतं, बस किती वाजता. मी म्हणेन की अनुभवी पोलिसाची भरती खरं तर त्याच्या बायकोची भरती असते. ती नाही म्हणाली की आमची फाइल बंद.

आता जे मला खरं सांगायचंय ते. माणूस चांगली चालू नोकरी का सोडतोय, हे शोधणं हेच यातलं मुख्य काम. बाकी सगळी लिखापढी. बाजारात बैल विकणारा त्याची खोड कधी सांगत नाही, तसं जुनं खातं नको असलेल्या माणसाची स्तुतीच करतं, म्हणजे तो लवकर जाईल. क्लीव्हलंडचं प्रकरण तुम्ही वाचलं असेल: नोव्हेंबर 2014मध्ये टमीर राइस नावाचा बारा वर्षांचा मुलगा बागेत खेळण्यातलं पिस्तूल घेऊन होता, पोलीस आला आणि पोचल्या पोचल्या गोळी घातली. नंतर उघड झालं की त्या पोलिसाला आधीच्या लहान गावाच्या खात्याने नालायक ठरवलं होतं, नेमबाजीच्या सरावातही तो धड नव्हता, काढायच्या आधी त्याने राजीनामा दिला. क्लीव्हलंडने ती जुनी फाइल मागून बघितलीच नव्हती. आणि पुढचं ऐका. 2017मध्ये अर्जात खोटं लिहिल्याबद्दल त्याला काढलं, तर 2018मध्ये ओहायोतल्या बेलेअर नावाच्या छोट्या गावाने आणि 2022मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या टायोगाने त्याला परत घेतलं. दोन्ही ठिकाणी ओरड झाल्यावर काही दिवसांत त्याने माघार घेतली, तो भाग वेगळा. फ्लोरिडातल्या तीसेक वर्षांच्या नोंदी तपासून 2020मध्ये दोन प्राध्यापकांनी दाखवलं की एकीकडून काढलेले पोलीस दुसरीकडे लागतात तेव्हा बहुधा लहान, कमी पैशाच्या खात्यांत लागतात. म्हणजे आमच्यासारख्यांकडे! ज्याला माणूस हवाच आहे तो फार खोलात जात नाही.

वॉशिंग्टनने 2021मध्ये कायदा कडक केला हे बरं झालं. आता जुन्या खात्याला तीस दिवसांत सगळं द्यावंच लागतं: नोकरी का सुटली, कुठली तक्रार झाली, खोटी ठरलेलीसुद्धा. त्या भागातल्या सरकारी वकिलाला विचारावं लागतं की हा माणूस तुमच्या यादीत आहे का. मग मानसशास्त्रज्ञाची तपासणी, सोशल मीडियाची खाती, आणि लाय डिटेक्टर. हसू नका. खाजगी कंपनीला नोकरीसाठी ही चाचणी घ्यायला 1988पासून जवळपास बंदीच आहे, सरकारी खात्यांना सूट.

ती वकिलाची यादी काय ते सांगते, तुम्हाला आवडेल. 1963च्या एका सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून सरकारी पक्षाला आरोपीच्या फायद्याची गोष्ट लपवता येत नाही. साक्ष देणारा पोलीस पूर्वी खोटं बोललेला असेल, तर तेही आरोपीच्या वकिलाला सांगावं लागतं. अशांची यादी सरकारी वकील ठेवतात. नाव एकदा त्यात गेलं की त्या पोलिसाला पिंजऱ्यात उभं करायला कुणी धजत नाही. मोठ्या शहरात त्याला कार्यालयात बसवतील. डझनभर माणसांच्या खात्यात प्रत्येकाला कधी ना कधी साक्षीला जावंच लागतं, तिथे असा माणूस घेऊन करायचं काय?

आमच्याकडे एक असा आला होता. आठ वर्षांचा अनुभव, जुन्या चीफचं पत्र इतकं गोड की मला तेव्हाच खटकलं. चौकशी करणारे आमचे गृहस्थ निवृत्त डिटेक्टिव्ह आहेत, ते फोनवर भागवत नाहीत, गाडी काढून त्या गावी जातात आणि शेजाऱ्यांच्या दारात उभे राहतात. वकिलाचं उत्तर आलं तेव्हा कळलं: गावाला गेलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घराला रात्री चक्कर मारली, दारं तपासली, असं याने रिपोर्टात लिहिलं होतं. त्या घरात त्याच रात्री चोरी झाली. गाडीचं जीपीएस सांगत होतं की गाडी तासभर पेट्रोल पंपावर उभी होती. तुम्ही म्हणाल यात काय विशेष, गस्त न घालता डायरीत नोंद करणारे आमच्या ठाण्यात कमी होते का! नगरपालिकेतही एक जण हेच म्हणाले, की एवढ्याशा गोष्टीवरून तयार माणूस हातचा घालवू नका, उन्हाळ्यात माणसं कुठून आणणार. चीफनी फाइल मिटली आणि जागा रिकामी ठेवली. त्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतः रात्रपाळ्या केल्या, डोळ्यांखाली काळं येईपर्यंत. मला तरी त्यांचं बरोबर वाटतं. तुमचं मत वेगळं असेल तर भांडायला तयार आहे.

खातंच बंद पडण्याची भीती पोकळ नाही, हेही सांगते. मिनेसोटातलं गुडह्यू, वस्ती 1,300च्या आसपास. ऑगस्ट 2023मध्ये तिथल्या चीफने नगरपालिकेला सांगितलं की ताशी 22 डॉलरला एकही अर्ज येत नाही, आणि राजीनामा दिला. मागोमाग सगळ्या खात्यानेच दिला. मग काउंटीच्या शेरीफकडे गावाचा बंदोबस्त सोपवावा लागला. आमच्याकडेही काही जण म्हणतातच की शेरीफशी करार करा, स्वस्त पडेल. पडेलही. पण आमच्या चौकात मुलांना नावाने ओळखणारा पोलीस मग येणार नाही, फोन केल्यावर जो मोकळा असेल तो येईल.

तो हळू बोलणारा उमेदवार आहे ना, त्याला चीफनी अटींवर होकार दिलाय. पुढच्या आठवड्यात लाय डिटेक्टर, मग मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या एका गावानेही त्याला बोलावलंय म्हणे, पगार जास्त आहे. शाळेच्या बाईंशी त्याच्या बायकोची गाठ मी घालून दिली, मला जमण्यासारखं तेवढंच होतं.

इकडे सफरचंदांची तोडणी जोरात आहे, रस्त्यावर लाकडी पेट्यांचे ट्रकच ट्रक. सुहासला सर्दी आहे, ओवी बरी आहे, तिला मराठी अक्षरं आता पूर्ण येतात, खाली तिने तुमचं नाव लिहिलंय ते बघा. आईला सांगा, चकलीची भाजणी मिळाली, पण अर्धी कस्टमवाल्यांनी उघडून बघितली. दिवाळीत व्हिडिओ कॉल सकाळी तुमच्या आठला करू. आणि अण्णा, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला बँकेत स्वतः जा, मागच्या वर्षीसारखं दादावर ढकलू नका, त्याच्या सहीने चालत नाही.

तुमची,
मनू