सुऱ्या, ती मात्रा होती रे

मॉर्गनटाउन, वेस्ट व्हर्जिनिया
११ ऑगस्ट

प्रिय सुऱ्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही, आणि आता एकदम हे बाड. शिव्या आधी देऊन घे, मग वाच. तब्येत बरी. साखर जरा वर असते, गोळी चालू आहे. झालं.

गेल्या आठवड्यात क्लिफ्टॉपला माझी फजिती झाली, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला कळायची नाही. हिला सांगितली तर म्हणाली, "एका ठोक्यापायी चार रात्री जागतोयस?"

क्लिफ्टॉप म्हणजे डोंगरावरची मोकळी जागा. दरवर्षी जुलै संपता संपता जुन्या चाली वाजवणारे तिथे तंबू ठोकतात. स्टेज आहे, पण खरं वाजवणं ताडपत्रीखाली. मी बँजो घेऊन गेलो. बँजो, बेंजो नव्हे. तुझं ते टाइपरायटरच्या कळांचं जपानी वाण नव्हे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी इथे घडवलेला, पाच तारांचा. (खरा बेंजो कुठला हे भांडण उधार आहे, माहीत आहे. आज नको.)

तर एडन हॅमन्स. याच राज्यातला फिडलवाला, फिडल म्हणजे व्हायोलिनच. १९४७ साली इथल्या विद्यापीठातल्या लुई चॅपेल नावाच्या प्राध्यापकाने त्याला समोर बसवून पन्नासेक चाली तबकड्यांवर घेतल्या. तेव्हा एडनने सत्तरी ओलांडली होती. फिडल ठेवून कामधंद्याला लागेना म्हणून त्याचं पहिलं लग्न तीन आठवड्यांत मोडलं म्हणतात. तुझीच आठवण आली. वहिनींना वाचून दाखवू नकोस. त्या चालींपैकी फारसं कुणी न वाजवणारी एक मी दोन वर्षं बँजोवर बसवत होतो. नाव लिहीत नाही, तू लगेच शोधून माझ्या चुका काढशील.

गज सूर ओढत राहतो आणि बँजोचा सूर टिचकीसरशी मरतो. म्हणून सगळे सूर उतरवायला गेलास तर शिवणयंत्र होतं. निम्मे सोडायचे, आणि सोडलेले ऐकणाऱ्याला ऐकू आल्यासारखे वाटले पाहिजेत. तारा लावल्या प सा प सा रे, दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा. पाचवी तार आखूड, तिची खुंटी दांडीच्या मध्येच, तिथे कॅपो पोचत नाही. मग लोक खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांचे बारीक खिळे दांडीत ठोकून तार त्याखाली अडकवतात. मी स्वतः ठोकला. पहिला घाव घालताना श्वास धरला होता. वाजवताना नख वरून खाली आणि अंगठा त्या पाचव्या तारेवर, म्हणजे पंचम तंबोऱ्यासारखा मागे चालूच. एडनचा गंधार ना कोमल ना शुद्ध. पडद्यांत तो नाहीच, तेव्हा कोमलावर तार जराशी ओढून भागवलं. त्या गंधारासाठी मी तीन महिने घातले, आणि ठोक्याचा निकाल मात्र तीन मिनिटांत लावला.

दुसऱ्या भागाच्या शेवटी एडन एक ठोका जास्त घेतो. मला वाटलं, म्हातारा माणूस, गज अडखळला असेल. काढून टाकला. चाल कशी गोळीबंद झाली! व्हिडिओ टाकला, चार पोरांना शिकवलीही.

त्या दिवशी पाऊस होता. ताडपत्रीखाली एक सत्तरीच्या बाई फिडल घेऊन बसल्या होत्या. मी ही चाल काढली तसा त्यांचा चेहरा खुलला. पहिल्या फेरीला त्या जागी मी एक ठोका आधी पोचलो. दुसऱ्या फेरीलाही. तिसऱ्या वेळी त्यांनी गज मांडीवर ठेवला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "उरलेली चाल कुठे ठेवलीस?"

घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं, बोटांवर मोजलं. दर फेरीला, त्याच जागी, तेवढाच. अडखळणारा माणूस इतका नेमका अडखळत नाही. अशा चालीला इथे क्रुकेड म्हणतात, वाकडी. तेही कौतुकाने.

आता तुझ्या लक्षात आलं असेल. गिरगाव, ९४ चा गणपती. कणकवलीच्या आजोबांचा गजर तू बेंजोवर, मी ढोलकीवर. 'विठ्ठल'च्या आधी तू दरवेळी एक मात्रा थांबायचास. मी म्हटलं, केरवा आठाचा, नवाचा नाही. तू म्हणालास, आजोबा असंच म्हणतात. आणि मी म्हणालो, आजोबांना दमा होता, त्यांची धाप तू कशाला वाजवतोस? तू काही बोलला नाहीस. माझ्या ढोलकीच्या कड्या एकेक करून सैल केल्यास आणि घरी गेलास. मिरवणुकीत आठातच वाजलं, कारण मंडळाने माझं ऐकलं. लोक नाचले. नाचणारच.

आता तो ठोका परत घालतोय, पण हात ऐकत नाही. नखाची पाळी असते तिथे अंगठा येतो. काल त्या जागी नुसती पाचवी तार वाजू दिली, बाकी काही नाही. बरं वाटलं, पण ते एडनचं की माझं, कळेना. आणि ती चार पोरं? एकीने तर बहिणीच्या लग्नात वाजवली. सरळ, माझ्यासारखी. तिला आता काय सांगू? की आजोबांना दमा नव्हता?

तुझं काय? रिडेव्हलपमेंटची सही झाली का अजून सोसायटी भांडतेच आहे? पोरीचं ॲडमिशन कुठे झालं ते कळव. काकूंचा गुडघा?

आणि एक कर. तो गजर येतो ना अजून? बेंजो नको, नुसता तोंडाने म्हण आणि फोनवर पाठव. थांबायचं तिथे थांब. मी ठेका धरणार नाही.

तुझा,
नंद्या

ता. क. कड्यांचं मात्र विसरलेलो नाही. ढोलकी परत चढवायला दोन तास लागले होते.