मोटरसायकलचा क्लास ‘फुल’ होता, तरी तीन गाड्या स्टँडवरच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्र जरा लांबलंय, कापायचं झालं तर खालून कापा, पण फोनवरचं अन् गेटवरचं तेवढं ठेवा.

मी वेळणेश्वरच्या बाजूची, वय ४६, घरची हापूसची बाग आहे ती वर सड्यावर. गेली बारा-तेरा वर्षं मी स्कूटी चालवतेय, शृंगारतळीचा बाजार, मुलांची शाळा, बँक, सगळं त्याच्यावर. पण बागेची पाखाडी म्हणजे निव्वळ जांभ्याचे दगड अन् लाल माती, त्यात स्कूटीची ती छोटी चाकं, पुढे फवारणीचं सामान, एकदा मागे घसरली ती थेट गडग्यालाच जाऊन टेकली. मिस्टरांचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांची शंभर सीसीची मोटरसायकल पडवीत ताडपत्री ओढून उभी, आणि मी मात्र मोहोराच्या दिवसात रोज दोन वेळा चालत वर. म्हटलं आता गिअरची गाडी शिकायचीच. आमच्याकडे काय आहे, बाईने स्कूटी चालवली तर कौतुक, मोटरसायकलला हात लावला की सगळी वाडी पेळेवर येऊन बसते बघायला. आणि शिकवणार कोण तर नवरा नाहीतर दीर, म्हणजे दुसऱ्या मिनिटाला भांडण.

तर चिपळुणात एका संस्थेचा नवशिक्यांसाठी दोन दिवसांचा मोटरसायकल सेफ्टीचा क्लास आहे असं व्हॉट्सॲपवर आलं. शनिवार-रविवार, गाड्या त्यांच्याच, शिकवणारे दोघं, फी अगदी नावाला. संस्थेचं नाव लिहीत नाही कारण शिकवलं त्यांनी झकास, माझी तक्रार आहे ती प्रवेशाच्या भानगडीबद्दल. आमच्याकडे मेसेज पोचेपर्यंत फॉर्म बंद झालेला. फोन केला तर “ताई, फुल झालंय, पुढच्या बॅचला बघा.” म्हटलं पुढची कधी? “ते अजून ठरलं नाही.” म्हटलं कोणी आलं नाही तर? “तसं काही आमच्याकडे नसतं.” फोन बंद.

आता माझा भाचा अमेरिकेत असतो, त्याला सहज बोलले तर तो हसायलाच लागला. म्हणे मामी, मी तर असाच शिरलो होतो. तिकडे मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशन म्हणून संस्था आहे, १९७३ पासूनची, त्यांचा नवशिक्यांचा बेसिक कोर्स असतो, साधारण पाच तास वर्गात अन् दहा तास मैदानावर प्रत्यक्ष गाडीवर, गाडी तेच देतात. बऱ्याच राज्यांत तो पास झालं की सरकारी ऑफिसात वेगळी गाडी चालवून दाखवायची टेस्ट लागत नाही, त्यामुळे सीझनला आठवडेच्या आठवडे आधी फुल. पण गाड्या मोजक्या अन् बारा जणांना दोन शिकवणारे असा हिशोब, त्यामुळे जास्तीचे घेता येत नाहीत हे जितकं खरं, तितकंच हेही की पैसे भरून न येणारे, उशिरा उठणारे तिकडेही आहेत. तर अनेक ठिकाणी सरळ पद्धत आहे, नाव नसलेल्यांनी पहाटे गेटवर येऊन नंबर लावायचा, वेळ झाली की जे आले नाहीत त्यांची जागा गेली, ती रांगेतल्या पहिल्याला. अट एकच, तू पूर्ण तयारीत पाहिजेस. हेल्मेट, डोळ्याला काच किंवा चष्मा, फुल बाह्यांचा शर्ट, जाड पँट, बोटं झाकणारे हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट. आणि तीनेक तासांचा ऑनलाइन भाग असेल तर तो आधीच करून त्याचा कागद हातात. तो म्हणाला माझ्या पुढे दोघं होते, एक जण कॅनव्हासचे बूट घालून आलेला, त्याला परत पाठवला, मी आत.

हे माझ्या डोक्यात बसलं. शनिवारी पहाटे चारला उठले, मुलाचे एनसीसीचे बूट दोन मोजे चढवून घातले, मुलीची जीन्स, मिस्टरांचा फुल शर्ट, बागेतले हातमोजे, हेल्मेट माझं आयएसआयचं आहेच. सासूबाई चुलीपाशी होत्या, बघून म्हणाल्या, “कुठं चाललीस गो, मिल्ट्रीत?” एसटीच्या भरवशावर वेळेत पोचले नसते म्हणून म्हावऱ्याच्या टेंपोत पुढे बसून गेले, त्यामुळे मैदानात उतरले तेव्हा बांगड्याचा वास येत असणार अंगाला, इलाज नव्हता.

मैदानाला पोचले तेव्हा उजाडत होतं. क्लास साडेसातचा. गेटवर एक मुलगा खुर्ची टाकून बसलेला, हातात यादी, मला बघून म्हणाला, “मुलीला सोडायला आलात का काकू?” म्हटलं नाही रे बाबा, मीच आलेय. यादीत नाव नाही. मग नाही. म्हटलं थांबते. तर तो म्हणाला थांबून काय उपयोग नाही, फुल आहे. आत दहा गाड्या ओळीने लावलेल्या दिसत होत्या, म्हणजे दहा जणांचाच क्लास. साडेसातला आत माणसं होती सहा. पावणेआठला एक जण धापा टाकत आला, त्याला घेतलं, झाले सात. बाकीच्या तिघांना फोन लावले, एकाचं लग्न निघालं, एक झोपेतनं “उद्या येतो” म्हणाला, तिसरी उचलेना.

तोपर्यंत गेटवर आम्हीही तिघं झालेलो. मी, अलोऱ्याकडची एक नर्स मुलगी, आणि दाभोळचा एक पोरगा. तीन गाड्या रिकाम्या, तीन माणसं दारात. कोणी शहाणा माणूस काय करेल? पण नाही, आमच्यावर अर्धा तास चर्चा झाली. कारण काय तर फॉर्म भरलेला नाही, आणि पुढचं ऐका, सर्टिफिकेटं आधीच नावं घालून छापून आणलेली! म्हणजे क्लास सुरू व्हायच्या आधीच दहाही जण पास. मग ती वाया जातील ना. मी तिथेच हसले, राग नंतर आला.

शेवटी शिकवणारे जे मोठे सर होते ते वैतागले, म्हणाले गाड्या उभ्या ठेवून त्यांना लोणचं घालायचंय का, घ्या आत. मग कागद विचारले. माझं लायसन्स बिनगिअरचं आहे, त्यामुळे गिअरवालीसाठी वेगळं लर्निंग काढावं लागतं, ते मी आधीच ऑनलाइन काढलेलं, प्रिंट पिशवीत होती. (सहा महिने चालतं ते, अन् तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही, हे बऱ्याच बायकांना माहीत नसतं म्हणून लिहिलं.) नर्स मुलीचंही होतं, तिच्याकडे भावाचं हेल्मेट होतं, जरा ढिलं, सरांनी तिला दुसरं काढून दिलं. दाभोळचा पोरगा मात्र चप्पल घालून आलेला, हेल्मेट नाही, लर्निंगही नाही. तो म्हणाला मला येते चालवता, फक्त सर्टिफिकेट हवंय. त्याला परत पाठवलं. मला वाईट वाटलं, एवढ्या लांबनं फेरीबोट अन् काय काय करून आला होता, पण फोनवर कोणी त्याला सांगितलं असतं की बाबा हे हे घेऊन ये अन् नशीब बघ, तर तोही आत असता. त्याची गाडी दोन दिवस स्टँडवर उभी होती, मी रोज बघत होते.

क्लासबद्दल लिहायलाच पाहिजे. पहिला तास तर गाडी पळवायचीच नाही. इंजिन चालू, पहिला गिअर, दोन्ही पाय जमिनीवर, क्लच हळूहळू सोडायचा, गाडी ओढायला लागली की परत दाबायचा. पुढे, मागे, पुढे, मागे, झोपाळ्यासारखं. वीस-पंचवीस वेळा. हाफ क्लच हाफ क्लच म्हणतात ते नेमकं कुठे असतं ते तेव्हा हाताला कळलं, नाहीतर आजवर मिस्टर नुसतं “सोड! सोड! अगं हळू सोड!” असं ओरडायचे. मैदानात मांडायचे ते प्लास्टिकचे कोन नव्हते त्यांच्याकडे पुरेसे, तर नारळाच्या करवंट्या उपड्या मांडलेल्या, त्यांच्यामधून नागमोडी जायचं. मी पहिल्या पाचही करवंट्या फोडल्या. सर म्हणाले काकू तुम्ही करवंटीकडे बघताय म्हणून चाक करवंटीवर जातंय, जिथे जायचंय तिकडे मान करा. मान फिरवली अन् गाडी गेली! मला अजून नवल वाटतं. आमच्या रस्त्यावर गुरं बसतात संध्याकाळची, त्या बैलाकडे बघत राहिलं की बैलावरच का जातो माणूस ते कळलं.

दुसरं म्हणजे ब्रेक. आमच्याकडे लहानपणापासून शिकवण, पुढचा ब्रेक मारू नको, उलटशील. सरांनी गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र दाबायला लावले, पुढचा झटक्यात नाही, लिंबू पिळल्यासारखा. ब्रेक लागला की वजन पुढे जातं, पुढचं चाक जमिनीला धरतं, म्हणून थांबवायचं खरं काम पुढचाच करतो. मागचा एकटा दाबला तर चाक घासत जातं, ते मीच करून बघितलं, शेजारच्या गाडीला लागता लागता राहिले. मात्र हँडल वळलेलं असताना पुढचा दाबायचा नाही, आधी सरळ करायचं, हे मला आडवी पडून कळलं, यू टर्नला, वेग म्हणाल तर चालण्याइतका. एनसीसीचे बूट होते म्हणून घोटा वाचला. आणि एक, २०१९ पासूनच्या १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक नव्या गाड्यांना सीबीएस असतं, मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. आमची पडवीतली २०१४ ची, तिला तसलं काही नाही, म्हणजे मला दोन्ही स्वतःच दाबायची सवय लावायला हवी. हे मला घरात कोणी सांगितलं नव्हतं, घरात कोणाला माहीतच नव्हतं.

आता तक्रार. केंद्र सरकारच्याच अहवालात आहे की २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. तुमच्याच पेपरात हायवेच्या बातम्या रोज असतात, मी वेगळं काय सांगू. अशा ठिकाणी शिकवायला माणूस तयार, गाडी तयार, पेट्रोल भरलेलं, शिकायला माणूस दारात, अन् मधे एक छापील यादी! संस्थांना माझं एवढंच म्हणणं आहे की फोनवर “फुल आहे” एवढं बोलून फोन ठेवू नका. “फुल आहे, पण अमुक वाजता या, लर्निंग, हेल्मेट, बूट घेऊन या, कोणी आलं नाही तर आलेल्या नंबरप्रमाणे घेऊ, जागा मिळेलच असं नाही” असं सांगायला किती सेकंद लागतात? उशिराची वेळ ठरवा, ती झाली की जागा गेली, मग तो कोणाचा भाचा असो. आणि सर्टिफिकेटावर नाव रविवारी संध्याकाळी घाला हो. ज्यांचं नाव लागतं त्यांनी येणार नसाल तर आदल्या रात्री एक मेसेज टाकावा, तो पोरगा “उद्या येतो” म्हणाला तसं नको, पहिल्या दिवशीचं क्लचचं चुकलं तर दुसऱ्या दिवशी त्याला सरांनी घेतलंच नसतं.

शक्य असेल तर गुहागर, दापोली, मंडणगडला पण असे क्लास घ्या, पहाटे म्हावऱ्याच्या टेंपोत बसायची तयारी सगळ्यांची नसते.

आणि संपादक महाराज, थोडं तुम्हालाही. या क्लासची बातमी तुमच्याकडे आली, मी वाचली, फोटोसकट, मंगळवारी! पाहुणे, शाल, श्रीफळ, सगळं होतं. तीच बातमी आधीच्या मंगळवारी चार ओळीत आली असती, फॉर्म कुठे भरायचा अन् येताना काय आणायचं एवढीच, तर आमच्या वाडीतल्या आणखी दोघी तरी आल्या असत्या. फोटो नंतर छापा, पण आधी तारीख छापा.

मी सध्या रोज सकाळी पाखाडीच्या खालच्या सपाटीवर आठचा आकडा काढतेय, करवंट्या घरच्याच आहेत. माझं सर्टिफिकेट देव्हाऱ्याशेजारी लावलंय, त्याच्यावर छापलेलं नाव दुसऱ्याच बाईचं आहे, ते रेघ मारून खोडलंय आणि वर निळ्या पेनाने माझं लिहिलंय, ‘ळ’ चुकलाय त्यात. त्या बाईंना शिकायचं असेल तर रविवार सोडून कधीही सकाळी या, गाडी आमची घ्या, फक्त बूट घालून या.

आपली,
एक बागायतदारीण,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी