अण्णांच्या डिलाइटचे ब्रेक

सातारा,
१८ मे २०२५

प्रिय दोस्ता,

तुझा निरोप परवा रात्री वाचला. दोनच वाक्यं. "अण्णांची गाडी होती ती. तशीच ठेवायची होतीस." अण्णांच्या डिलाइटला, त्या जुन्या फियाटला, मी पुढे डिस्क ब्रेक लावले त्यावरून. उत्तर द्यायला दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. हे बोलून उरकण्यातलं नाही, म्हणून कागद घेतला.

आधी मे १९८९ आठव. आपली दहावी झाली होती. अण्णा, आई, ताई, तू आणि मी, डिलाइटमधून तुमच्या घरी चिपळूणला निघालो होतो. डिकीत काकूंसाठी गुळाची ढेप होती. महाबळेश्वर सोडलं, आंबेनळी घाट लागला आणि अण्णांनी नेहमीप्रमाणे इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला सोडली. पेट्रोल वाचवायची ती त्यांची जुनी सवय. प्रतापगडाचा फाटा मागे पडला आणि जळका वास येऊ लागला. ताई म्हणाली, कुठेतरी पाचोळा पेटलाय. मग अण्णांचा पाय खाली गेला तो गेलाच. पेडल तळाला टेकलं. मी मागे होतो, पण त्यांची मान मला दिसत होती. त्यांनी चावी फिरवली, स्टिअरिंगजवळचा गिअर खटकन सेकंडला टाकला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराकडच्या गटारात चाक घातलं. गाडी थांबल्यावर पहिला उतरलास तू. मागच्या दोन्ही चाकांना दगड लावलेस. मी दरवाजा धरून नुसता उभा होतो.

अर्ध्या तासाने अण्णांनी पेडल दाबून पाहिलं, तर ब्रेक परत आला होता. पोलादपूरपर्यंत त्यांनी गाडी सेकंडमध्ये उतरवली आणि वाटेत एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर ती गाडी कधीच घाट उतरली नाही. तुमच्याकडे आम्ही एसटीने येऊ लागलो. का, ते तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. २०१६ साली अण्णा गेले तेव्हा गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. तू म्हणतोस ती "तशीच" म्हणजे ही अशी. ती तशी ठेवणं मला सोसवेना.

मी गाडी बाहेर काढली तेव्हा मनात पक्कं होतं की ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या बंद डब्याला आतून शू दाबणारे, हेच सगळ्याचं मूळ, ते काढायचे आणि पुढे डिस्क, म्हणजे दोन पॅडनी चिमटून धरायच्या उघड्या तबकड्या, लावायच्या. नशिबाने मिस्त्री चांगले मिळाले. तरुणपणी कुर्ल्याला त्यांनी कित्येक वर्षं पद्मिनी टॅक्सींची कामं केली आहेत. त्यांनी सगळ्यात आधी ब्रेक ऑइलच्या बाटलीचं झाकण उघडून मला आत बघायला लावलं. आत काकवीसारखं काळं काहीतरी होतं. मग विचारलं, त्या दिवशी ब्रेक किती वेळाने परत आला? मी म्हटलं, अर्ध्या तासाने. ते म्हणाले, मग ऑइल उकळलं होतं.

हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं नवंकोरं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही म्हणून ते पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचवतं. वाफ मात्र दाबली जाते, आणि आपला सगळा जोर ती वाफ दाबण्यातच जातो. चाकं निवली की वाफेचं परत ऑइल होतं आणि काही झालंच नव्हतं असा ब्रेक लागतो. अण्णांनी बहुधा वर्षानुवर्षं ते ऑइल बदललं नसावं. त्या काळी कोण बदलत होतं? कमी झालं की वरून ओतायचं, एवढंच.

आणि उष्णता तरी किती, ते मी एका रात्री बसून मांडलं. गाडी नऊशे किलोच्या आसपास, वर आपण पाच माणसं आणि सामान, म्हणजे बाराशे किलो धर. महाबळेश्वर ते पोलादपूर उतार साधारण बाराशे मीटरचा. ही सगळी उंची खाली येईपर्यंत कुठेतरी जिरवायची असते. ताशी ८० च्या वेगातली गाडी जवळजवळ पन्नास वेळा पूर्ण थांबवण्याइतकी ती उष्णता आहे. गिअरमध्ये उतरलं तर त्यातली बरीचशी इंजिन पेलतं. इंजिन बंद करून न्यूट्रलला उतरलं तर जवळपास सगळी त्या चार बंद ड्रमच्या पोटात. ड्रमला एक वाईट खोडही आहे. तो तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो, त्यामुळे पेडल आणखी खाली. डिस्क तापली तर जाड होते, म्हणजे पॅडच्याच अंगावर येते, आणि ती उघड्या वाऱ्यात असते.

तरीही मिस्त्रींनी मला लगेच डिस्क लावू दिल्या नाहीत. आधी आहे ते नीट करा, वर्षभर चालवा, मग बोलू, म्हणाले. मी ऐकलं. चारही ड्रमना टर्निंग मारलं, शूवर नवे लायनर, म्हणजे घासणारा थर, शू ढकलणारे नवे व्हील सिलेंडर, नवे होज पाइप, सगळं जुनं ऑइल काढून डॉट ३ पेक्षा जास्त उष्णता सोसणारं डॉट ४. ड्रम उघडला तेव्हा पोरगा आतल्या भुकटीवर हवेचा पाइप धरणार होता, मिस्त्रींनी त्याचा हात धरला. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ती भुकटी छातीत जाऊ देऊ नये. ओल्या फडक्यानेच पुसायची. तूही हे लक्षात ठेव.

खरं सांगतो, गाडी बदलून गेली. सरळ थांबू लागली, एका बाजूला ओढणं गेलं. गेल्या जुलैपर्यंत मला वाटत होतं की डिस्कची गरजच नाही. मग एका संध्याकाळी मेढ्याकडून येताना ओढ्यावरच्या फरशी पुलावरून वीतभर पाणी वाहत होतं. सावकाश ओलांडलं. पलीकडे चढावर एक म्हातारी शेळ्या घेऊन रस्त्यात होती. मी ब्रेक दाबला आणि गाडी तशीच पुढे गेली. ड्रममध्ये पाणी शिरलं होतं, लायनर भिजले होते. चढ होता म्हणून गाडी स्वतःच मंदावली. त्या बाईला कळलंसुद्धा नाही. मी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसलो. डिस्कवरचं पाणी फिरता फिरताच उडून जातं, ड्रममधलं आत कोंडून राहतं. त्या रात्री मी मिस्त्रींना फोन केला.

आता काय केलं ते सांगतो, कारण तुझी पद्मिनीही हीच वाट चालणार आहे हे मला माहीत आहे.

डिस्क फक्त पुढे. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, थांबवायचं बहुतेक काम पुढचीच चाकं करतात. मागचे ड्रम तसेच ठेवले. डिस्क आणि तिच्यावर पॅड आवळणारे कॅलिपर मारुती एस्टीमचे घेतले, कारण ती गाडी वजनाने आपल्या फियाटच्या जवळपास आहे आणि तिचं चाक १३ इंची होतं. आपलं १४ इंची, म्हणून कॅलिपर रिमच्या आत बसायला जागा मिळाली. पुढचं चाक ज्यावर फिरतं त्या स्टब एक्सलवर जिथे ड्रमची पाठची प्लेट बोल्टने बसते, त्याच भोकांवर कॅलिपरचा ब्रॅकेट बसवला. ब्रॅकेट जाड पट्टीतून एकसंध कापून मशीनवर केला, वेल्डिंग कुठेही नाही. एमआयडीसीतल्या टर्नरने वेल्डिंगचा स्वस्त मार्ग सुचवला होता. ब्रेक मारल्यावर सगळा पीळ त्या एका तुकड्यावर येतो, तिथे पैसे वाचवायचे नाहीत.

चूक माझी झाली ती पुढे. पेडलच्या जोराने ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलेंडर जुनाच ठेवू म्हणून मी हट्ट धरला. तुझ्यासारखंच मलाही वाटत होतं की अण्णांच्या गाडीतलं शक्य तेवढं राहू दे. मिस्त्री नको म्हणत होते. शेवटी म्हणाले, बरं, बघा चालवून. पहिली फेरी लिंब फाट्याकडे. सहा-सात किलोमीटरवर गाडी जड वाटू लागली, आणि मग तोच वास आला. दोस्ता, छत्तीस वर्षांनी तोच वास. मी रस्त्याच्या कडेला उतरलो तेव्हा पाय कापत होते. पुढच्या दोन्ही डिस्कवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र करून उडून गेला.

कारण असं की ड्रमच्या मास्टर सिलेंडरच्या तोंडाशी एक बारीक व्हॉल्व्ह असतो. पाय उचलल्यावरही तो पाइपात थोडा दाब राखून ठेवतो, म्हणजे व्हील सिलेंडरचे रबर सैल पडत नाहीत. ड्रममध्ये शू मागे ओढायला स्प्रिंगा असतात, त्यामुळे तो दाब जाणवत नाही. डिस्कच्या पॅडला तशा स्प्रिंगा नाहीत. तेवढ्याशा दाबाने पॅड डिस्कला घासत राहतात आणि तापत जातात. शिवाय कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला ऑइलही जास्त लागतं. ते जुन्या सिलेंडरला पुरत नव्हतं म्हणून पेडल फार खाली जात होतं. दोन्ही गोष्टी मिस्त्रींना आधीच ठाऊक होत्या.

मग कॅलिपरला जुळणारा दुहेरी मास्टर सिलेंडर लावला. पुढचं ऑइल वेगळं, मागचं वेगळं. जुन्यात एकच वाट होती, एक पाइप फुटला की चारही चाकं गेली. माझ्या मते डिस्कपेक्षाही मोलाचा बदल हाच. कोणी फक्त डिस्क लावून हा सिलेंडर टाळत असेल, तर त्याने ड्रमच ठेवावेत.

पायाचा जोर वाढवणारा बूस्टरही लागला. ड्रमचा शू फिरत्या ड्रमबरोबर पाचरीसारखा स्वतःच आत ओढला जातो, म्हणून पायाला जोर कमी लागतो. डिस्कला ती मदत नाही, पाय जड लागतो. बूस्टर इंजिन हवा शोषतं त्या ओढीवर चालतो. म्हणूनच आता अण्णांची सवय या गाडीत कोणालाही परवडणार नाही. इंजिन बंद केलं की दोन-तीन दाबांत बूस्टर रिकामा, आणि पेडल दगड. मी डॅशबोर्डवर चिठ्ठी लावली आहे, माझ्या मुलासाठी: घाटात इंजिन चालू, गाडी गिअरमध्ये.

बूस्टर आल्यावर मागचे ड्रम फारच तडफेने धरू लागले. पहाटे मोकळ्या मैदानात पाणी मारून ओल्या जमिनीवर तपासलं, तर मागची चाकं आधी अडकायची आणि गाडीची शेपटी फिरायची. मागच्या पाइपला दाब आवरणारा व्हॉल्व्ह लावला, थोडा थोडा फिरवून तीन सकाळी जुळवला. आता पुढची आधी धरतात. नवे पॅड बसायला म्हणून ताशी ६० वरून २० पर्यंत, मध्ये न थांबता, दहा-बारा वेळा वेग उतरवला.

राहिला तुझा मूळ मुद्दा. डिलाइटच्याच घराण्यातली ११०० आर फियाटने १९६६ साली इटलीत आणली, तिला पुढे डिस्क होत्या. म्हणजे ज्यांनी ही गाडी घडवली त्यांनाच ड्रम पुरेसे वाटेनासे झाले होते. आपली डिलाइट १९६९ ची, कुर्ल्यात तयार झालेली. ती सुधारणा तिच्यापर्यंत आली नाही, एवढंच. विंटेज नोंदणीचा २०२१ चा नियमही मी वाचला. पन्नास वर्षांवरच्या गाडीच्या चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसावा, असं तो म्हणतो. मी बॉडीला एकही नवं भोक पाडलेलं नाही. पुढचे दोन्ही ड्रम, शू, पाठच्या प्लेटा आणि अण्णांचा मास्टर सिलेंडर ऑइल लावून, कागदात गुंडाळून, लाकडी खोक्यात ठेवले आहेत. दोन दिवसांत सगळं पूर्ववत करता येईल. वर अण्णांच्या अक्षरातली सर्व्हिसची वही ठेवली आहे. तिच्यात मे १९८९ च्या पानावर एकच ओळ आहे: "ब्रेक तपासणे." तिच्यापुढे ते झाल्याची खूण नाही.

त्या ओळीपुढे मी गेल्या महिन्यात तारीख घातली. तुला राग येणार असेल तर यावर येऊ दे, डिस्कवर नको.

सगळा खर्च पन्नास हजारांच्या घरात गेला, त्यात माझ्या हट्टापायी दुप्पट झालेली मजुरीही आली. आधीच्या ड्रमच्या कामाला नऊ हजार लागले होते.

येत्या रविवारी, पावसाच्या आत, आम्ही आंबेनळीतून येतोय. आई येणार आहे. तिला विचारलं, भीती वाटते का, तर म्हणाली, ढेप घेतलीस का ते सांग. दुपारी जेवायला पोहोचू. प्रतापगडाच्या फाट्यापुढे त्या गटाराजवळ मी पाच मिनिटं थांबणार आहे. तुला पोलादपूरपर्यंत येणं जमलं तर तिथून वर ये आणि उतरताना स्टिअरिंगवर तू बस.

काकूंना नमस्कार.

तुझाच

ता. क. तुझ्या पद्मिनीला डिस्कचं नंतर बघू. हे पत्र वाचून झालं की आधी बॉनेट उघड आणि ब्रेक ऑइल कुठल्या रंगाचं आहे ते मला कळव. काळं असेल तर मी येईपर्यंत गाडी घराबाहेर काढू नकोस. मी डॉट ४ चा डबा घेऊन येतो.